आठ अंगठ्यांची मानवंदना

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला : ऋण. सोबत एक ताकीदही होती. आईवडील, शाळेतले मास्तर आणि गावची नदी यांच्यावरचे लेख भरपूर आले आहेत, तेव्हा तुम्ही तिकडचं काही बघा. तिकडचं म्हणजे न्यू यॉर्कचं. मी हडसनच्या अल्याड जर्सी सिटीत राहते, आणि ऋण म्हटल्यावर मला आठवलं ते नदीपल्याडच्या हार्लेममधल्या एका रॅपरचं गाणं.

गाण्याचं नाव 'शाबा'. साल २०१३. गाणारा एसॅप फर्ग, जोडीला त्याच्याच टोळीतला एसॅप रॉकी. ज्याच्या नावानं गाणं बेतलंय तो शाबा रँक्स जमैकाचा डान्सहॉल गायक, नव्वदीच्या सुरुवातीचा बडा तारा. ध्रुवपदात फर्ग स्वतःच्या अंगावरचं सोनं मोजतो. अंगठ्या आठ, मग साखळ्या, मग सोन्याचा दात. प्रत्येक मोजणीच्या शेवटी शाबाचं नाव येतं, तेही अडखळत, तोडून तोडून, जणू तो शब्दच ठेका धरतोय. शाबा कुठला, त्यानं काय गायलं, फर्गनं त्याच्याकडून काय घेतलं, याचा गाण्यात पत्ता नाही. ज्या संगीतासाठी शाबा ओळखला जातो ते डान्सहॉलही त्यात ऐकू येत नाही. खाली वाजतो तो अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेला ट्रॅप, जड आणि काळोखा.

चाल घेतली नाही, ताल घेतला नाही, घेतलं ते नाव आणि दागिने. तरी लोक याला मानवंदना म्हणतात, आणि खुद्द शाबानंही ती आनंदानं स्वीकारली. ही कसली मानवंदना, हे बघायला मी बाहेर पडले.

छापखान्यातून आलेला मुलगा

हार्लेमच्या पश्चिम अंगाला, १४५व्या रस्त्याच्या आसपास हॅमिल्टन हाइट्स हा भाग आहे. फर्ग तिथला. भुयारी रेल्वेतून वर आलं की ब्रॉडवेवर डोमिनिकन लोकांची सलून, फळांच्या गाड्या आणि दारातल्या स्पीकरमधून येणारं स्पॅनिश गाणं. दोन रस्ते ओलांडले की तपकिरी दगडाची जुनी, देखणी घरं लागतात. त्यांची किंमत आता इथल्या जुन्या भाडेकरूंच्या आवाक्यात राहिलेली नाही.

फर्गचे वडील डॅरल्ड फर्ग्युसन यांचं हार्लेममध्ये कपड्यांचं दुकान होतं. ते टी-शर्ट छापायचे, रेकॉर्ड कंपन्यांसाठी चिन्हं आखायचे. रॅपर-निर्माता पफ डॅडीच्या बॅड बॉय रेकॉर्ड्सचं प्रसिद्ध बोधचिन्ह त्यांच्या हातचं, असं सांगतात. मुलगा आर्ट अँड डिझाइन हायस्कूलमध्ये शिकला, आणि रॅपकडे वळण्याआधी कमरेचे पट्टे आणि कपडे करून विकत होता. हे कळल्यावर गाण्यातला अर्धा पेच सुटतो. ज्या घरात गायकांची नावं आधी छातीवर छापली जायची, तिथल्या मुलाला शाबा कानाआधी डोळ्यांनी भेटलेला असणार. हा माझा अंदाज आहे, पण गाणं त्याला दुजोरा देतं. फर्ग शाबाचा आवाज काढत नाही, त्याचा पोशाख चढवतो.

दुसरी गोष्ट रक्ताची. फर्गच्या घराची मुळं त्रिनिदादमध्ये आहेत, रॉकीचे वडील बार्बेडोसचे. हार्लेममध्ये कॅरिबियन माणूस नवा नाहीच. मार्कस गार्वी १९१६ साली जमैकाहून आला तो इथंच, आणि जगभरच्या काळ्या माणसांची चळवळ त्यानं याच रस्त्यांवरून चालवली. १२०व्या रस्त्यापासून सुरू होणाऱ्या उद्यानाला आज त्याचं नाव आहे. गार्वीचा जन्म जमैकाच्या सेंट अ‍ॅन परगण्यातला. बॉब मार्ली त्याच परगण्यातला. आणि शाबाही तिथलाच, स्टर्जटाउन गावचा, १९६६चा जन्म. लहानपणीच किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत आला. खरं नाव रेक्स्टन रॉलस्टन फर्नांडो गॉर्डन. एवढं लांबलचक नाव टाकून त्यानं दोन शब्द घेतले, त्यातला 'रँक्स' म्हणजे पत असलेला, वरच्या हुद्द्याचा माणूस.

जमैका लपवून सुरू झालेलं संगीत

ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यूला पर्यटक येतात, पण बघण्यासारखं तिथं फारसं काही नाही. विटांची उंच इमारत, खाली द्रुतगती मार्गाची अखंड घरघर, पलीकडे हार्लेम नदी. रस्त्याला आता 'हिप हॉप बुलेव्हार्ड' असं मानाचं नाव दिलंय. मी उभी होते तेव्हा एक बाई बाजाराच्या पिशव्या घेऊन आत गेल्या आणि पाटीचा फोटो काढणाऱ्या दोघा पोरांना त्यांनी वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं.

११ ऑगस्ट १९७३ला या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी तिला नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी पैसे उभे करायचे होते. आमंत्रणं हातानं लिहिलेली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. हिप हॉपचा जन्मदिवस म्हणून आज ही तारीख साजरी होते.

कॅम्पबेल कुटुंब किंग्स्टनचं. हर्क १९६७ साली ब्राँक्समध्ये आला. अमेरिकेनं १९६५ साली परदेशी लोकांसाठीचा कायदा बदलला, राष्ट्रवार कोटे काढले, आणि कॅरिबियन माणसांची रीघ न्यू यॉर्ककडे लागली. न्यू जर्सीतल्या महाराष्ट्र मंडळांच्या पहिल्या पिढीतले डॉक्टर आणि इंजिनियर आले तेही याच कायद्याच्या दारातून.

किंग्स्टनमध्ये हर्कनं लहानपणी साउंड सिस्टिम पाहिल्या होत्या. उघड्या अंगणात उभे केलेले कपाटाएवढे स्पीकर, त्यांच्यासमोर रात्रभर नाचणारी वस्ती, आणि गाणं चालू असतानाच मायक्रोफोनवर लोकांना नावानं पुकारणारा, चिडवणारा, यमकं जुळवणारा माणूस. हे सगळं त्यानं ब्राँक्समध्ये उभं केलं. पण जमैकन रेकॉर्डवर तिथली मुलं नाचेनात. बेटावरून आलेल्या पोराला तेव्हा चिडवलंच जायचं. हर्कनं आपले उच्चार घासूनपुसून अमेरिकी केले, रेगेच्या जागी जेम्स ब्राऊन वाजवला, आणि गाण्यातला फक्त ढोलांचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवत नेला. यंत्रणा जमैकाची, माल अमेरिकी. हिप हॉपच्या पायातच एक झाकलेलं नाव आहे.

ते झाकण हळूहळू सरकलं. ब्राँक्सचाच केआरएस-वन १९८७च्या सुमारास जमैकन ढंगात रॅप करू लागला. ब्रुकलिनचा रॅपर बिगी याची आई जमैकन, बस्टा राइम्सचे आईवडील जमैकन, हेवी डीचा तर जन्मच जमैकातला. घरात रविवारी लागणारं संगीत त्यांच्या गाण्यांत शिरणारच होतं. १९९१ साली शाबा आणि केआरएस-वन यांनी मिळून 'द जॅम' केलं, तेव्हा दोन चुलतभाऊ उघडपणे एका ताटात जेवले.

नावाला भाव असतो

शाबा ज्या व्यवसायातून वर आला तो समजल्याशिवाय फर्गच्या गाण्यातलं नाव समजत नाही. त्यासाठी मी दोन नंबरच्या गाडीनं शेवटपर्यंत गेले, ब्राँक्सच्या वेकफील्डला. वर लोखंडी खांबांवरून रेल्वे धडधडते, खाली व्हाइट प्लेन्स रोडवर जमैका पसरलेलं. पॅटी आणि नारळाचा पाव विकणारी बेकरी, केसांचे टोप, आणि फुटपाथवर रचून ठेवलेली मोठाली पिंपं. इथली माणसं तांदूळ, साबण, बूट त्यात भरून बोटीनं घरी पाठवतात. अशाच एका रस्त्यावरच्या रेकॉर्डच्या दुकानात म्हातारे दुकानदार भेटले. शाबाचं नाव काढल्यावर त्यांनी काही न बोलता मागच्या खणातून सात इंची तबकड्यांची चळत काढली आणि एक लावली.

डान्सहॉलचं काम असं चालतं. निर्माता एक ताल तयार करतो, त्याला रिडिम म्हणतात. त्या एकाच रिडिमवर दहा-वीस गायक आपापली गाणी चढवतात. त्यामुळे ताल कुणा एका गायकाचा नसतो. त्यावर कोण कसा स्वार होतो यावर त्याची पत ठरते. रेकॉर्ड लावणारा तो सिलेक्टर, आणि तालावर बोलत गाणारा तो डीजे. आपण ज्याला डीजे म्हणतो त्याच्या नेमकं उलट. १९८५ साली वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' आलं, आणि त्यातला ताल कॅसियोच्या एका छोट्या कीबोर्डमध्ये आधीच भरलेला होता. ओकुदा हिरोको या जपानी अभियंत्यानं तो रचला होता. किंग जॅमीनं तो किंग्स्टनभर वाजवला आणि वादकांच्या ताफ्याची गरजच संपली. जॅमीच्याच स्टुडिओत जोसी वेल्स या मुरलेल्या डीजेनं तरुण शाबाला आणून उभं केलं. तिथला ध्वनिमुद्रक बॉबी डिजिटल पुढे स्वतंत्र झाला आणि त्यानं शाबाचा तो खर्जातला, घोगरा, हुकूम सोडणारा आवाज मोकळा केला.

आता नावाची गोष्ट. दोन साउंड सिस्टिम समोरासमोर येतात त्याला क्लॅश म्हणतात. आपल्याकडे कलगी आणि तुरा यांचे फड रात्रभर एकमेकांना सवाल टाकत बसायचे, त्यातली ईर्षा इथं जशीच्या तशी आहे. फक्त शाहिरांच्या जागी तबकड्या भिडतात. जिंकायला लागते डबप्लेट. म्हणजे नावाजलेल्या गायकाला पैसे देऊन त्याचंच गाजलेलं गाणं पुन्हा गाऊन घ्यायचं, पण त्यात आपल्या साउंडचं नाव घालून. ते गाणं एकाच मऊ तबकडीवर कोरलं जायचं. काही वेळा वाजलं की झिजायचं. समोरच्याकडे शाबाच्या तोंडून निघालेलं स्वतःचं नाव असेल आणि तुमच्याकडे नसेल, तर गर्दी तुमची राहत नाही. दुकानदारांनी सांगितलं की शाबाच्या भरात त्याच्या डबप्लेटसाठी लोक दिवसचे दिवस ताटकळायचे.

फर्गच्या गाण्यात हा व्यवहार उलटा फिरलाय. तिथं साउंडवाला गायकाला पैसे मोजून स्वतःचं नाव उच्चारून घ्यायचा. इथं एक गायक दुसऱ्याचं नाव आपणहून, पुन्हा पुन्हा, शेवटपर्यंत घेतो. वेकफील्डच्या माणसाला यातली पत बरोबर कळते. दुकानदारांना गाणं माहीत होतं. ताल त्यांना आवडला नव्हता. पण ते आल्यानंतर विशीतली पोरं दुकानात शाबाच्या जुन्या तबकड्या मागायला लागली, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

जे गाण्यात आलं नाही

शाबा मोठा झाला म्हणजे किती मोठा? डान्सहॉल हे जमैकातल्या सुशिक्षित घरांमध्येही ओशाळवाणं मानलं जायचं. ते अंगणातलं, गरिबांचं, उघडंवाघडं बोलणारं. अशा संगीतातल्या माणसाला एपिक या बड्या कंपनीनं करारबद्ध केलं, आणि 'अ‍ॅज रॉ अ‍ॅज एव्हर' या अल्बमला १९९२ साली ग्रॅमी मिळालं. पुढच्याच वर्षी 'एक्स्ट्रा नेकेड'ला पुन्हा. डान्सहॉलच्या डीजेला हा मान त्याआधी मिळाला नव्हता. 'मिस्टर लव्हरमॅन' तर मुंबई-पुण्यात केबल नुकती आली होती तेव्हा आमच्याही घरात वाजलं. शब्द एक कळत नव्हता. आजी टीव्ही बंद करायला सांगायची, त्यावरून अर्थाचा अंदाज यायचा.

आठ अंगठ्यांचा अर्थ या चढणीत आहे. ट्रेंचटाउनच्या पोरानं बोटाबोटांत सोनं घालून कॅमेऱ्यासमोर हात पसरणं ही नुसती मिजास नव्हती. त्या हातांकडे बघून हार्लेममधल्या पोरांना कळलं की आपल्या आजोळच्या बोलीत गाऊनही इतकं वर जाता येतं.

आणि मग डिसेंबर १९९२. लंडनच्या 'द वर्ड' या टीव्ही कार्यक्रमात डान्सहॉल गायक बुजू बँटनच्या एका समलिंगीद्वेष्ट्या गाण्याचा विषय निघाला. शाबानं गाण्याची बाजू घेतली, बायबल पुढे केलं आणि अशा माणसांना क्रूसावर चढवलं पाहिजे असं बोलून गेला. निवेदक मार्क लमार यांनी त्याला तिथल्या तिथं सुनावलं. अमेरिकेत निषेध झाले, जे लेनोच्या 'टुनाइट शो'मधला त्याचा कार्यक्रम रद्द झाला. पडझडीला कारणं आणखीही असतील, पण त्यानंतर शाबा त्या उंचीवर पुन्हा गेला नाही.

फर्गच्या गाण्यात याचा उल्लेख नाही. गाणं म्हणजे चरित्र नव्हे, हे मान्य. तरीही मला हे खटकतं. दागिने मोजण्यातली सोय हीच आहे की सोन्याला मत नसतं. माणसाचा फक्त झगमगाट उचलला की त्याच्या तोंडून निघालेल्या वाईट शब्दांचा हिशेब द्यावा लागत नाही. २०१३ साली न्यू यॉर्कमधल्या तरुण रॅपरला हा हिशेब नक्कीच टाळायचा असेल असा आरोप मी करणार नाही; तो टाळला गेला, एवढं खरं.

ताल गेला, आवाज गेला

तरीही फर्गच्या बाजूनं एक गोष्ट बोलते. शाबाच्या संगीतातून दुसऱ्यांनी काय काय नेलं ते पाहिलं, तर फर्गची उधारी फारच स्वच्छ वाटते.

१९९० साली शाबानं बॉबी डिजिटलसाठी 'डेम बो' गायलं. शब्द पुन्हा तसलेच, द्वेषाचे. पण त्याच्या तळाचा ताल पनामा, न्यू यॉर्क, पोर्तो रिको असा फिरत गेला आणि त्यावर रेगेटन नावाचा अख्खा धंदा उभा राहिला. शब्द गळाले, ताल उरला. त्या ठेक्याला आजही 'डेम्बो' म्हणतात. हा ताल स्टीली आणि क्लेव्ही या जमैकन जोडीच्या १९८९च्या 'फिश मार्केट' रिडिममधून आला, असा दावा क्लेव्ही ब्राऊन आणि दिवंगत स्टीलीच्या वारसांनी २०२१ साली अमेरिकेच्या न्यायालयात लावला. प्रतिवादींमध्ये डॅडी यांकी, बॅड बनी यांच्यासकट शंभरावर कलाकार. ज्या संस्कृतीत एका तालावर वीस जण गातात तिथं तालाची मालकी कागदावर कशी सिद्ध करायची, हा त्यातला अवघड प्रश्न.

दुसरी कहाणी सिस्टर नॅन्सीची. किंग्स्टनच्या या डीजेनं १९८२ साली 'बॅम बॅम' गायलं, निर्माता विन्स्टन रायली. तो आवाज पुढे लॉरिन हिलच्या, कान्ये वेस्टच्या, जे-झीच्या गाण्यांत आला. गाणं असं गाजत असताना नॅन्सी न्यू जर्सीत एका बँकेत नोकरी करत होती. तीस-बत्तीस वर्षं या गाण्याचे पैसे तिच्यापर्यंत आलेच नव्हते. २०१४ साली ते बुटांच्या एका जाहिरातीत ऐकल्यावर तिनं वकील गाठला, आणि हक्कांचा अर्धा वाटा तिला मिळाला. तिचं गाणं जगाला पाठ होतं, नाव नव्हतं.

फर्गनं नेमकं उलटं केलं. ताल नेला नाही, आवाज कापून घेतला नाही. नाव घेतलं, आणि नावाच्या धन्याला बोलावलं. गाण्याच्या व्हिडिओत शाबा रँक्स स्वतः येतो. त्याच वर्षी निघालेल्या रिमिक्समध्ये तो गातोसुद्धा, सोबत बस्टा राइम्स आणि अटलांटाचे मिगोस. सत्तेचाळिशीतल्या शाबाचा आवाज तिथं आला की आजूबाजूची पोरं जरा पोरसवदा वाटू लागतात. अल्बम 'ट्रॅप लॉर्ड' त्या ऑगस्टमध्ये बिलबोर्डच्या यादीत नवव्या क्रमांकावर उघडला.

आपल्या अंगणापर्यंत

या सगळ्यात भारतीय धागा ओढूनताणून आणावा लागत नाही. १८४५पासून पुढची सत्तर वर्षं सुमारे ३६ हजार गिरमिटिये जमैकाला नेले गेले, बहुतेक उत्तर भारतातून. त्यांच्या वंशातला विल्यम मराघ म्हणजे सुपर कॅट. शाबाच्या काळातला त्याच्याच तोडीचा डीजे, टोपणनाव 'वाइल्ड अपाची'. त्या टोपणनावावरून बर्मिंगहॅमच्या स्टीव्हन कपूर या पंजाबी घरातल्या मुलानं स्वतःला 'अपाची इंडियन' म्हणवून घेतलं. १९९३च्या त्याच्या 'बूम शॅक-अ-लॅक'वर आमच्या कॉलेजातलं प्रत्येक गॅदरिंग नाचलं. तो ताल जमैकाचा आणि ते नाव जमैकातल्या गिरमिटियांच्या एका वंशजाला केलेला सलाम, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. गोव्यात २०१६पासून सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव भरू लागला, तिथं जमैकन पद्धतीच्या साउंड सिस्टिमसमोर उभं राहून हा बास छातीत ऐकता येतो. कानात खोचलेल्या यंत्रातून तो येत नाही.

माझा निकाल असा. 'शाबा' हे मोठं गाणं नाही. ते उथळ आहे, सोयीचं आहे, आणि ज्याला वंदन करतं त्याच्या कलेबद्दल एक अक्षर सांगत नाही. पण देणेकऱ्यांच्या या रांगेत धन्याचं नाव खणखणीत घेऊन त्याला मायक्रोफोन देणारे थोडे, आणि त्यांत फर्ग आहे. दिवाळीच्या सुट्टीत ऐकायचंच ठरवलं, तर आधी 'द जॅम' ऐका, मग 'शाबा'चं रिमिक्स. आणि 'बॅम बॅम' ऐकाल ते दुसऱ्या कुणाच्या गाण्यातल्या तुकड्यात नको, सिस्टर नॅन्सीच्या नावावरचं मूळ गाणं लावा. त्यातला वाटा आता तिला मिळतो.